फातोर्ड्याच्या भिंतीवर हरलेले सामनेही लिहा

प्रति,
गोवा क्रीडा प्राधिकरण, गोवा फुटबॉल असोसिएशन आणि एफसी गोवाचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

मी गोव्याचा नाही. पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडचा, बांद्याचा. नकाशावर महाराष्ट्रात, पण बाजार, दवाखाना आणि फुटबॉल या तिन्हींसाठी आमची तोंडं दक्षिणेकडेच. मडगावचं पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम आम्हाला मुंबईतल्या कुठल्याही मैदानापेक्षा जवळचं आहे. ते पूर्ण नाव तुमच्या फायलींत असेल. आम्ही म्हणतो फातोर्डा. ‘आज फातोर्ड्याक’ एवढं म्हटलं की घरात कळतं, हा आता मध्यरात्रीनंतरच उगवणार.

पत्राचं निमित्त माझा भाचा. वय वर्षं बारा. 22 ऑक्टोबर 2025 ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, त्याला मोटरसायकलवर मागे बसवून मी एफसी गोवाचा सामना बघायला आणलं, रोनाल्डोच्या अल नास्र या सौदी क्लबविरुद्धचा. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहीण त्यासाठीच माहेरी आलेली, आणि तिचाच मुलगा घेऊन मी परराज्यात. त्याबद्दल जे ऐकायचं ते मी ऐकलं, ते इथे लिहीत नाही.

रोनाल्डो येणार म्हणून गोव्यात किती दिवस काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोर्तुगीज निघून गेले 1961 साली, पण पोर्तुगालचा सामना असला की मडगावच्या सासष्टी तालुक्यात आजही त्यांचे झेंडे लागतात. आणि सामन्याच्या तोंडावर कळलं, तो येत नाही. प्रशिक्षक जॉर्ज जेझुस आले, बाकी संघ आला, तो नाही. भाच्याचा चेहरा असा पडला की मी तिकिटाचे पैसे आठवायचं टाळलं. तरी गेलो. पहिल्या अर्ध्या तासात अल नास्रने दोन गोल केले. मग मध्यंतराच्या थोडं आधी ब्रिसन फर्नांडिसने एक परत फेडला. गोव्याचा पोरगा, गोव्याच्या मैदानावर, सौदीच्या त्या कोट्यवधींच्या संघावर. त्या क्षणाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. सामना आपण 2-1 ने हरलो.

आठच दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, याच मैदानावर मी त्याला भारत-सिंगापूर दाखवला होता. छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा भाचा खुर्चीवर उभा राहिला. मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने दोन गोल केले, आणि 2027 च्या आशिया चषकाचं दार भारतासाठी बंद झालं. तोही 2-1.

तर पाडव्याच्या रात्री झुआरीच्या नव्या पुलावर वारा तोंडावर घेत आम्ही येत होतो. पाठीमागून प्रश्न आला, “मामा, आपण हंय कधी जिंकतंव की नाय?”

मी म्हटलं, जिंकतंव रे. पण पुढे काय सांगावं ते पटकन सुचेना. पर्वरीपर्यंत जे आठवलं ते सांगत राहिलो. म्हापशाला चहा प्यायलो, तिथेही सांगत राहिलो. बांद्याला पोचेस्तोवर माझ्या लक्षात आलं की मी त्याला बहुतेक हरलेलेच सामने सांगितले, आणि पोरगं झोपलं नव्हतं. ऐकत होतं.

त्यावरूनच माझी मागणी. फातोर्ड्याच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे रांगेत उभं राहिल्यावर माणसाला दुसरं काही बघायला नसतं, तिथे या मैदानाचा इतिहास लिहा. आत काचेच्या कपाटात चषक ठेवणारं दालन मी मागत नाही. चषक ज्याचे त्याच्या घरी असतात. मला भिंत हवी आहे, आणि तिच्यावर हारही हवी आहे.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, पराभव कसले कोरायचे? मराठी माणसाला हा प्रश्न विचारू नये. आमच्याकडे 1761 साली एक लढाई हरली, आणि आजही काही बिनसलं की आम्ही ‘पानिपत झालं’ म्हणतो. पोराचं नाव विश्वास ठेवलं तरी ‘विश्वास पानिपतात गेला’ हे ऐकवणारा भेटतोच. जिंकलेल्या लढायांची नावं शाळेतल्या पोराला विचारा, अर्धी सांगेल. पानिपत मात्र कुणी विसरत नाही.

आता भिंतीवर काय असावं ते सांगतो. तारखा तपासून घ्या, पण मला त्या पाठ आहेत.

सुरुवात 1989 पासून करावी लागेल. नेहरूंच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून नाव नेहरूंचं. आणि गंमत बघा. ज्या मैदानाला आज सगळे फुटबॉलचं देऊळ म्हणतात, तिथे त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला एकदिवसीय क्रिकेट खेळलं गेलं, ऑस्ट्रेलिया विरुद्ध श्रीलंका. स्पर्धाही नेहरू चषकाचीच. ते वळण मैदानाच्या अंगात अजून आहे. फातोर्डा गोल आहे, लंबगोल म्हणा. फुटबॉलचं मैदान आयताकृती, म्हणून कोपऱ्यांमागे गवताचे मोठे तुकडे मोकळे राहतात, आणि कॉर्नर घेणारा खेळाडू नॉर्थ किंवा साउथ स्टँडमधून बघणाऱ्याला दूरच्या शेतात उभा असल्यासारखा दिसतो. काही जण याला दोष म्हणतात. इंग्लंडमधल्या मैदानांत प्रेक्षकाला हात लांब केला तर खेळाडू लागेल एवढं जवळ बसता येतं, हे मी टीव्हीवर बघतोच. पण हे अंतर कसं आलं ते भिंतीवर दोन ओळींत लिहिलंत, तर तो दोष न राहता गोष्ट होईल.

क्रिकेटचा कोपरा थोडक्यात आटपा, पण 6 एप्रिल 2001 वगळू नका. ईडन गार्डन्सवर लक्ष्मणने ऑस्ट्रेलियाला रडवलं, त्यानंतरच्या एकदिवसीय मालिकेचा शेवटचा सामना. दोन-दोन बरोबरी, निकाल फातोर्ड्यात. लक्ष्मणने इथेही शतक ठोकलं. आणि मायकल बेव्हनने नाबाद 87 धावा काढून सामना आणि मालिका दोन्ही नेली. 2006 मध्ये इंग्लंडला हरवलं तेही लिहा, तक्रार नको. आणि 24 ऑक्टोबर 2010, पुन्हा ऑस्ट्रेलिया. त्या दिवशी एकही चेंडू पडला नाही, पडला तो फक्त पाऊस. पाऊस जिंकला अशी नोंद करायला माझी हरकत नाही. गोव्यात त्याचा घरच्या संघासारखाच मान आहे.

मग फुटबॉल. इथे मात्र हात आखडता घेऊ नका.

1 मे 1999 आधी लिहा, कारण तो विजय आहे आणि भाच्याला मी तो सांगायला विसरलो. दक्षिण आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारताने बांगलादेशला 2-0 ने हरवलं. आमच्याकडे 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन. गावात झेंडावंदन, आणि पत्रादेवीपलीकडे भारत चषक उचलतोय.

नंतर क्लबांची वर्षं. हे मला मोठ्या अक्षरांत हवं आहे. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य क्लब लीग, 2007-08 ला सुरू झाली आणि पहिली सहा विजेतेपदं गोव्यातच राहिली. धेंपो, चर्चिल ब्रदर्स, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. 2012-13 पर्यंत बाहेरच्या कुणाला हात लावू दिला नाही. कोलकात्याचे ते दोन जुने दांडगे क्लब, शंभर-शंभर वर्षांचे, आणि सहा वर्षं ते मडगाव-पणजी-वास्कोच्या पट्ट्यातल्या माणसांपुढे हात चोळत बसले. अख्खं राज्य म्हणजे तेव्हा दोन जिल्हे, क्षेत्रफळात आमच्या एकट्या सिंधुदुर्गाहूनही लहान! तेव्हाचे बरेच सामने दुपारी असायचे. उन्हात स्टँड अर्धे रिकामे, खाली बँकेतली नोकरी सांभाळून खेळलेले जुने खेळाडू पोरांना शिव्या घालत बसलेले, आणि मैदानात देशातला सगळ्यात चांगला फुटबॉल. आज दिव्यांच्या झगमगाटात भरलेलं फातोर्डा बघितलं की मला त्या दुपारी आठवतात. 2016 साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. देशाच्या फुटबॉलचा जो नवा नकाशा आखला जात होता, त्यात आपल्याला जागा नाही असं त्यांना वाटलं. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा भिंतीवर नको. पण ते गेले ही नोंद हवी. त्या दिवशी सामना झाला नाही, तरी हरलो आपणच.

2014 ला पोर्तुगीज भाषिक देशांच्या लुसोफोनिया खेळांच्या निमित्ताने स्टेडियमचं रूप बदललं, बादलीसारख्या खुर्च्या आल्या. आज बसायची जागा सुमारे 19 हजार. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग ही नवी लीग सुरू झाली आणि तिच्यात एफसी गोवा आलं. प्रशिक्षक साक्षात ब्राझीलचा झिको. ज्या गोव्यात विश्वचषक आला की घराघरांत ब्राझील आणि पोर्तुगाल अशी वाटणी होते, तिथे झिको बाकावर बसलेला दिसणं म्हणजे काय, हे भिंतीला सांगता येणार नाही, तरी नाव कोराच. 15 ऑक्टोबर 2014, घरचा पहिला सामना, चेन्नईविरुद्ध. हरलो, 2-1. बघा, 2-1 आमच्या मागे पहिल्या दिवसापासून आहे.

2015 चा नोव्हेंबर. मुंबई सिटीला 7-0. हाओकिपचे तीन, डुडूचे तीन. मुंबईत राहणारा माझा मावसभाऊ त्या दिवशी माझ्याशेजारी मुंबईची जर्सी घालून बसला होता. पाचव्या गोलानंतर त्याने वरून स्वेटर घातला. गोव्यात, नोव्हेंबरात.

आणि महिन्याभराने 20 डिसेंबर. या तारखेसाठीच मी हे पत्र लिहितोय म्हटलं तरी चालेल. लीगचा अंतिम सामना, घरचं मैदान, समोर पुन्हा चेन्नई. त्यांचा गोल, हाओकिपची बरोबरी, मग 87व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किक मारून 2-1 केलं. या वेळी 2-1 आपल्या बाजूचं! माझ्या पुढच्या रांगेतली माणसं रडत होती, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. घड्याळात तीन मिनिटं आणि वरची जी काय मिळतील ती. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू आपल्याच गोलरक्षकाला, कट्टीमनीला, लागून आत गेला. अजून तो काय झाला हे कळेपर्यंत भरपाईच्या वेळेत मेंडोझाचा गोल. 3-2. संपलं.

मी आयुष्यात असा सन्नाटा ऐकला नाही. होय, ऐकला. त्यालाही आवाज असतो. खुर्च्या मिटल्याचा. शेजारी सासष्टीतले एक म्हातारे गृहस्थ होते, सबंध सामनाभर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “फुटबॉल हो, पात्रांव.” हा फुटबॉल आहे, मालक. एवढंच, आणि काठी टेकत गेले. नंतर मैदानात काय गोंधळ झाला, दंड-अपिलं काय झाली, ते भिंतीवर नको. 87, 90 आणि 90 अधिक 2 हे तीनच आकडे लिहा. बघणारा समजेल. न समजणारा शेजारच्याला विचारेल, आणि रांगेत तेवढाच वेळ जाईल.

पुढचं सगळं एवढं सविस्तर नको. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आला. इथेच इराणने जर्मनीला 4-0 ने धुतलं आणि इथेच इंग्लंडच्या ऱ्हियन ब्रूस्टरने अमेरिकेविरुद्ध तीन गोल ठोकले. 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने इथे झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं उद्घाटन इथेच झालं. पदकांत पहिला महाराष्ट्र आला. हे मी गोव्यात फारसं बोललो नाही, शहाणपणा म्हणून.

पण 2020 आणि 2021 वर थांबा. 2020 मध्ये एफसी गोवा साखळीत अव्वल होतं. उपांत्य फेरीत चेन्नईत 4-1 ने हरून आले आणि 7 मार्चला फातोर्ड्यात 4-2 ने जिंकले. जिंकूनही बाहेर, एकूण 6-5. भाच्याला हे गणित समजावताना मला म्हापसा ते कोलवाळ एवढा रस्ता लागला. आठवड्याने, 14 मार्चला, अंतिम सामना याच मैदानावर, आपल्याशिवाय. आणि प्रेक्षकांशिवायही. करोना दाराशी आला होता. कोलकात्याने चषक उचलला तो रिकाम्या खुर्च्यांपुढे.

त्यानंतरची दोन वर्षं सगळी लीगच गोव्यात. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान, आणि 2022 चा अंतिम सामना सोडला तर दारं बंद. देशभरातला फुटबॉल आमच्या अंगणात आणि आम्ही टीव्हीपुढे. 2021 च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने शेवटच्या क्षणी मुंबईला जिंकून दिलं, मावसभावाने फोन करून पाच वर्षांपूर्वीच्या सातही गोलांचं उट्टं काढलं. आणि त्याच एप्रिलमध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या, गटात खेळलं. तिथवर पोचलेला भारतातला पहिला क्लब. पहिल्या सामन्यात अल रय्यानशी 0-0. त्यांचा प्रशिक्षक लॉरां ब्लां, फ्रान्सचा विश्वविजेता. मग अल वाहदाशी 0-0. मग इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध चौदाव्या मिनिटाला एदू बेदियाने डोक्याने गोल केला. त्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल. दहा मिनिटांत पर्सेपोलिस 2-1 ने पुढे, आणि निकालही तोच. हो, पुन्हा तोच आकडा. तो गोल फातोर्ड्यात झाला आणि फातोर्ड्यात तो बघायला एक माणूस तिकीट काढून बसलेला नव्हता. भिंतीवर ही ओळ हवीच. आम्ही तो पाहिला नाही, निदान वाचू तरी.

भाषेचं सांगायचं तर मला मराठीचा हट्ट नाही. गोव्यात या वादात बाहेरच्याने पडू नये एवढी अक्कल बांद्यालाही आहे. कोंकणीत लिहा, देवनागरी की रोमी ते तुम्ही ठरवा, नाहीतर दोन्ही. आकडे सगळ्यांना वाचता येतात. दगड म्हणाल तर चिराच बरा. संगमरवर कशाला? लाल चिऱ्यावर पांढरी अक्षरं, पावसाळ्यात शेवाळ धरलं तर धरू दे, दर सप्टेंबरला घासून काढायला ईस्ट लोअर स्टँडमधले पोरगे एका हाकेत येतील. ढोल घेऊन येतात, ब्रश घेऊन येणार नाहीत का? मीही येईन. जागा जरूर सोडून ठेवा मात्र, खाली बरीच.

माझ्याकडे 20 डिसेंबर 2015 चं तिकीट आहे. घडीवर फाटलेलं आहे, पण तारीख वाचता येते. लागलं तर देईन. भाच्याने पाडव्याच्या सामन्याचं तिकीट द्यायचं कबूल केलं आहे, पण त्याची अट आहे की ते नुसतं बघून, फोटो काढून परत करावं. आईला दाखवायचं आहे म्हणतो. तिला ते आधीच माहीत आहे, पण त्याची समजूत मी घालणार नाही.

कळावे,

ईस्ट लोअरमधला एक प्रेक्षक
बांदा, जि. सिंधुदुर्ग

ता. क. पुढच्या घरच्या सामन्याला आम्ही दोघं येत आहोत. उत्तर द्यायचं असेल तर गेटावरच सांगितलंत तरी चालेल. निळी-लाल मोटरसायकल, मागे झोपाळू पोरगं.